आवाजी मतदानातला होय

पॉलिन : तिथे नको बसू. खुर्ची घे.

हर्षवर्धन : आंटी, बाकडं मस्त आहे. पाठीला टेकू पण आहे.

पॉलिन : असू दे. ते दोघांचं आहे, आणि त्या दोघांत तू नाहीस.

निकोलस : पॉलिन, एवढ्या उन्हात बोळिंजहून आलाय तो. माझ्यावर फिल्म करतोय. बसू दे की.

पॉलिन : खुर्चीवर बसून पण फिल्म दाखवता येते. सुकेळी घे रे, घरचीच केळी सुकवलीत. आणि तुझ्यासाठी म्हणून मी पुस्तकी बोलतेय. मध्येच रागाने आमच्या बोलीत गेले तर थांबव.

हर्षवर्धन : थांबवीन. पण आंटी, मला कळणार कसं की तुम्ही रागावलाय?

पॉलिन : कळेल.

हर्षवर्धन : ओके. तर सर, सुरुवात. ड्रोन शॉट, वरून सांडोरच्या केळीच्या वाड्या. मागे आवाज : 'सहा वेळा अपक्ष आमदार. एकच आवाज, एकच भूमिका.' मग केळीची पानं बाजूला होतात आणि तुमची एन्ट्री.

पॉलिन : केळीतून?

हर्षवर्धन : केळीतून.

पॉलिन : मागच्या पावसापासून वाडीत पाऊल नाही त्याचं. केळी ओळखणार नाहीत, बाजूला कशाला होतील.

निकोलस : फिल्म परवाच्या सत्काराला दाखवायची आहे, पॉलिन. तिथे बारकावे कोण बघतंय. पुढे.

हर्षवर्धन : पुढे 'भूमिका' सेक्शन. भूमिका एक : आमच्या गावात टॉवर नकोत. यावर तुमची बरीच भाषणं मिळाली. फोटो मात्र एकच मिळाला, टॉवरच्या उद्घाटनाचा.

निकोलस : विरोध नोंदवायला गेलो होतो.

हर्षवर्धन : हातात कात्री आहे सर.

निकोलस : कात्री त्यांनी दिली. फीत कापताना चेहऱ्यावर नापसंती आहे, झूम करून बघ.

हर्षवर्धन : झूम केलं. तोंडात पेढा आहे.

निकोलस : नापसंतीने खाल्लेला आहे.

हर्षवर्धन : लिहितो तसं. भूमिका दोन : टँकरमुक्त तालुका. तुमची टँकरमुक्ती यात्रा, तिचं फुटेज भारी आहे. फक्त तुम्ही टँकरवर उभे आहात.

निकोलस : खालून लोकांना दिसलो नसतो.

हर्षवर्धन : बरोबर. मग लोकांचे बाइट्स. मनवेलपाड्यातल्या एक आजी म्हणाल्या, साहेब आमच्या सगळ्या सुखदुःखात येतात. नातवाच्या बारशाला आले तेव्हा पाळणा पण म्हणाले.

पॉलिन : काय म्हणाला?

हर्षवर्धन : पाळणा. गाण्यातला.

पॉलिन : हा? गायला?

हर्षवर्धन : आजी म्हणतात, शेवटच्या कडव्यापर्यंत. बाळ झोपलं होतं, त्याला उठवून परत गायले.

पॉलिन : फ्लॉईडच्या होली कम्युनियनला याचं अधिवेशन होतं. पोरगा पांढऱ्या कपड्यांत मेणबत्ती धरून दारात उभा, मेणबत्ती वाकली तरी हा आला नाही. आता तो कॅनडात जाऊन बसला, बापाला युट्यूबवर बघतो. आणि मनवेलपाड्यात पाळणे. कोण आजी ती? नाव काय तिचं?

निकोलस : मतदार आहे.

पॉलिन : मी पण मतदार आहे. मला कोणी कधी गाऊन झोपवलं नाही.

निकोलस : हर्षवर्धन, पुढे.

हर्षवर्धन : पुढेच प्रॉब्लेम आहे सर, त्यासाठीच आलो. फोनवर सांगण्यासारखा नव्हता. मी एक सेक्शन ठेवला होता, 'मतदानाचा आलेख'. कुठल्या विधेयकाला सरांनी काय मत दिलं. मला वाटलं, सरकारी काम आहे, कुठेतरी लिहिलेलं असेल. आठवडाभर शोधलं. तुमचं मत कुठेच नाही.

निकोलस : नसणारच. आवाजी मतदान असतं. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. काही जण होय म्हणतात. मग म्हणतात, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. काही जण नाही म्हणतात. अध्यक्षांना जो आवाज मोठा वाटतो तो जिंकतो.

हर्षवर्धन : आमच्या सोसायटीत पण हेच आहे. म्हणूनच आमच्या लिफ्टला आतून कुलूप आहे. पण सर, कोण काय म्हणालं त्याची नोंद?

निकोलस : मतविभागणी मागितली तरच नावं लिहितात. ती सहसा कोणी मागत नाही.

पॉलिन : म्हणजे इतकी वर्षं हा तिथे काय म्हणाला, ते एका देवाला ठाऊक.

हर्षवर्धन : देवाला आणि माईकला, आंटी. जुन्या प्रक्षेपणांच्या क्लिपा मी एकेक करून ऐकल्या. गोंगाटात कोणाचा आवाज कुठला ते कळत नाही. पण एक क्लिप सापडली. दुपारची वेळ आहे, सभागृह जवळपास रिकामं, माईक चालू राहिलाय. त्यात सरांचा आवाज एकदम स्वच्छ येतो.

निकोलस : मग घे ना ती. अडचण काय?

हर्षवर्धन : विधेयक किनारा जोडरस्त्याचं आहे.

पॉलिन : तो रस्ता? आमच्या वाडीवरून जाणारा?

हर्षवर्धन : तोच. भूमिका तीन : 'रस्ता न्यायचा तर माझ्या अंगावरून न्या.' फिल्मचा हायलाइट आहे.

पॉलिन : माझ्या आईने दिलेली वाडी आहे ती. रस्ता गेला तर आधी बावखल बुजवणार. सगळी केळी त्या तळ्याच्या पाण्यावर आहेत, विहिरीला तर खारं लागलंय. त्याला हा नाही म्हणाला, ते मला माहीत आहे. सगळ्या सांडोरला माहीत आहे.

हर्षवर्धन : ऐका तुम्हीच. अध्यक्ष म्हणतायत, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. आता.

(लॅपटॉपमधून एक 'होय' येतो. मागे वाडीत कोणीतरी पंप सुरू करतं आणि लगेच बंद करतं.)

निकोलस : तो माझा आवाज नाही.

पॉलिन : तुझाच आहे.

निकोलस : सदर आवाज कुठल्याही सदस्याचा असू शकतो.

पॉलिन : सदर आवाजाशी मी लग्न केलंय. चर्चमध्ये फादरने विचारलं तेव्हा असाच म्हणाला होतास. सुरुवातीला अडलास, मग खाली उतरलास, जिना उतरल्यासारखा. आणि त्याआधी आईकडे बघितलंस.

निकोलस : आईचा तेव्हा व्हीप होता.

पॉलिन : हर्षवर्धन, परत लाव. आवाज बंद कर, मला चित्र बघायचंय. थांब. ती कोण, मोरपिशी साडीतली?

हर्षवर्धन : सुरुची मॅडम. सरांच्या शेजारच्या बाकावर असतात. त्या पण अपक्ष.

पॉलिन : मला माहीत आहे कोण ती. तुला माहीत आहे का ते बघत होते. ही बाई या रस्त्याच्या बाजूने बोलली होती, मी ऐकलंय. मोरपिशी साडी ती सोमवारी नेसते. बुधवारी शाल घेते, आणि तिने शाल घेतली की हा खोकतो.

हर्षवर्धन : आंटी, तुम्ही अधिवेशन बघता?

पॉलिन : रोज. लोक मालिका बघतात, मी हे बघते. मागच्या हिवाळ्यात तिने त्याला आवळासुपारीची डबी पुढे केली. याने दोन बोटांनी घेतली. घरी मी देते तेव्हा म्हणतो, दाताला त्रास होतो.

निकोलस : आसनव्यवस्था अध्यक्ष ठरवतात. अपक्षांना उरलेल्या जागा मिळतात.

पॉलिन : लोकांना शेजार नशिबाने मिळतो. तुला अध्यक्षांनी बघून दिलाय. आता ही बघ, हसतेय. खाली बघून हसतेय. खाली कोण आहे?

हर्षवर्धन : सर आहेत. फ्रेमच्या खाली.

पॉलिन : खाली काय करत होतास तू?

निकोलस : वाकलो होतो.

पॉलिन : ते दिसत नाहीये, म्हणून कळतंय. कशाला वाकलास? तिचं पेन पडलं?

निकोलस : पेनचा प्रश्न उद्भवत नाही.

पॉलिन : इथे सभागृहातली उत्तरं देऊ नकोस.

हर्षवर्धन : आंटी, अजून आहे. लगेच पुढे अध्यक्ष म्हणतात, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. ऐका.

पॉलिन : हा 'नाही' पण त्याचाच.

हर्षवर्धन : हा तर इतका मोठा आहे की अध्यक्ष चष्मा सावरतात. म्हणजे सर, तुम्ही होय पण म्हणालात आणि नाही पण म्हणालात. एकाच विधेयकाला. माझ्याकडे तुमची दोन मतं आहेत, आणि फिल्मचं नाव 'एकच आवाज' आहे.

निकोलस : विधेयक तरीही संमत झालं.

हर्षवर्धन : सर, हेच वाईट आहे. उद्या ही क्लिप विरोधकांना सापडली की ते फक्त होय तेवढा कापून फिरवणार. आणि परवा सत्काराच्या मंचावरून तुम्ही सातव्यांदा उभे राहताय ते जाहीर करायचंय. सातचा फुगा आलाय. माणसापेक्षा उंच आहे. काल आमच्या हॉलमध्ये भरून बघितला, आता बाबा बेडरूममधून बाहेर येऊ शकत नाहीयेत.

निकोलस : तो होय बंद करता येईल का? म्हणजे आवाजच घालवायचा.

पॉलिन : का घालवायचा? तिला आवडला ना? ठेव. मोठा कर. तुला सांगू हर्षवर्धन, मला राग कशाचा आला? वाडीचा नाही. वाडीचा पण आला, पण तो मागून आला. आधी हा आला, की हा होय मी ओळखते. गेल्या वर्षी याने मला फोनवर असाच एक दिला होता. अगदी असाच, उतरता. मी तो कोणाला न सांगता जपून ठेवला. फादर आग्नेलना पण नाही सांगितला. मला वाटलं, या माणसाने माझ्यासाठी म्हणून काढलाय. आणि हा बघ, तिला पण तसाच देऊन बसलाय. रेवड्या वाटल्यासारखा.

निकोलस : तसाच नाही.

पॉलिन : तसाच आहे. मला कान आहेत.

निकोलस : तसाच नाही म्हणतोय. तोच आहे.

हर्षवर्धन : सर, म्हणजे?

निकोलस : म्हणजे होय एकच आहे. दोन नाहीत. मी खाली वाकून फोनवर बोलत होतो. सभागृहात फोनला बंदी आहे, म्हणून बाकाखाली. त्या हसल्या, कारण माझा चष्मा गुडघ्यावर आला होता. तिकडे अध्यक्षांनी होय म्हणावे म्हटलं, आणि त्याच वेळी मी इकडे होय म्हणालो.

पॉलिन : कोणाला?

निकोलस : तुला.

पॉलिन : मला.

निकोलस : मग फोन खिशात टाकला, उठलो आणि विधेयकाला नाही म्हणालो. इतक्या जोरात का म्हणालो असेन? आधीचा पुसायला.

हर्षवर्धन : सर, हे फँटास्टिक आहे. सगळं सुटलं. होय घरगुती होता, नाही सरकारी होता. भूमिका जशीच्या तशी. मी खाली पट्टी टाकतो, 'सदर होय पत्नीस उद्देशून होता'. लोकांना फॅमिली अँगल आवडतो.

निकोलस : टाक. माझी भूमिका स्पष्ट आहे. होय पूर्णपणे पॉलिनचा होता.

पॉलिन : पूर्णपणे?

निकोलस : पूर्णपणे.

पॉलिन : मग मी काय विचारलं होतं?

निकोलस : कधी?

पॉलिन : फोनवर. होय म्हणालास ना मला? कशाला म्हणालास?

निकोलस : ते... पाव आणण्याचं होतं.

पॉलिन : पाव आपल्या दारात येतो.

निकोलस : रोवेनाच्या लग्नाला जायचं.

पॉलिन : रोवेनाचं लग्न होऊन तिला मूल पण झालं. त्याला तू पाळणा म्हटला नाहीस.

हर्षवर्धन : सर, गॅस सिलिंडर म्हणा. सहसा तेच असतं.

पॉलिन : तू सुकेळी खा. निकोलस, आठवत नाही ना?

निकोलस : अध्यक्षांचा आवाज येत होता मध्ये. प्रश्न नीट ऐकू आला नव्हता.

पॉलिन : न ऐकता होय म्हणालास.

निकोलस : तिथे तसंच म्हणतात.

पॉलिन : मी बावखलाच्या काठावर उभी राहून फोन केला होता. घरात बोलायला लाज वाटली. विचारलं, निकोलस, ही टर्म झाली की पुरे कर, घरी येशील का. तू म्हणालास, होय.

हर्षवर्धन : ओह.

पॉलिन : हो. ओह.

हर्षवर्धन : म्हणजे सर, होय जर आंटींचा असेल, तर तुम्ही यावेळी उभे राहत नाही आहात.

पॉलिन : पोरगा हुशार आहे.

हर्षवर्धन : आणि आंटींचा नसेल, तर तो रस्त्याला होता. म्हणजे तुम्ही उभे राहाल, पण इथे कोणी मत देणार नाही.

निकोलस : मला वाटतं, तो होय अंशतः खरा आहे.

पॉलिन : काय?

निकोलस : अंशतः. भावना तुझ्यासाठी होती. मजकूर विचाराधीन ठेवता येईल.

पॉलिन : परवा कार्यक्रमात 'पत्नीचे मनोगत' कोणी ठेवलंय?

हर्षवर्धन : मीच ठेवलं आंटी. तीन मिनिटं. मागे बासरी आहे.

पॉलिन : मग बासरीत मी सांगणार, तो होय कोणाचा. त्या बाईचा असेल तर तिचा, माझा असेल तर माझा. मला फक्त ह्याने सांगायचं. मी काही वशिला लावत नाही.

निकोलस : तटस्थ राहण्याचा पर्याय असतो.

पॉलिन : तिथे असेल. इथे ओट्यावर नाही.

निकोलस : तू समजून घे. लोक मला सोडत नाहीत. सकाळी दार उघडलं की चप्पल घालायच्या आधी तीन अर्ज हातात येतात.

पॉलिन : मला नाही ठाऊक? मीच चहा देते त्यांना. त्यांच्या पोरांची नावं तुला पाठ, त्यांच्या दुखण्यांची पण. गिरीज नाक्यावरच्या त्या माणसाच्या म्हशीला काय झालं होतं ते तुला आजही आठवतं. माझं गुडघ्याचं ऑपरेशन कुठल्या पायाचं झालं?

निकोलस : (तिच्या दोन्ही गुडघ्यांकडे बघतो.)

पॉलिन : हर्षवर्धन, तू सांगू नकोस त्याला.

हर्षवर्धन : मला पण नाही माहीत.

पॉलिन : म्हैस जगली का रे तरी?

निकोलस : जगली. डावा.

पॉलिन : काय डावा?

निकोलस : पाय. डावा होता. मी आलो होतो, पॉलिन. उशिरा आलो होतो. तू झोपली होतीस. परिचारिकेने माझ्याबरोबर फोटो काढला आणि म्हणाली, उद्या या.

पॉलिन : मला सांगितलं नाहीस.

निकोलस : तू बोलत नव्हतीस तेव्हा.

हर्षवर्धन : मी जरा बाकड्यावर... सॉरी. खुर्चीतच आहे मी. आंटी, एक विचारू? हे बाकडं रिकामं का ठेवायचं?

पॉलिन : त्यालाच विचार.

निकोलस : कार्यकर्त्यांसाठी केलंय ना? ओट्यावर गर्दी होते म्हणून. पण तू कोणाला बसू देत नाहीस. मला वाटलं, पॉलिश सुकायचंय.

पॉलिन : वर्षभर?

निकोलस : दमट हवा आहे.

पॉलिन : फोन ठेवला आणि तशीच ॲन्सेल्म सुताराकडे गेले. म्हटलं, दोघांचं बाकडं हवंय. तो म्हणाला माप सांग. मी त्याला घरी आणून टीव्हीपुढे बसवला. अधिवेशन चालू होतं. म्हटलं, हे असं. त्याने पडद्याला पट्टी लावून माप घेतलं.

हर्षवर्धन : विधानसभेचं?

पॉलिन : हा आणि ती बसतात ना, त्याचं. म्हटलं, त्याला सवय त्या बाकाची आहे. घरी येऊन खुर्चीत एकटा बसला तर उठून परत जाईल. आणि एवढी वर्षं तिच्या शेजारी बसतो, तर माझ्या शेजारी बसायला जागा तरी हवी. ॲन्सेल्म म्हणाला, समोर माईक पण लावू का? मी नको म्हटलं. इथे हळू बोललं तरी ऐकू येतं.

निकोलस : म्हणून ते इतकं अरुंद आहे.

पॉलिन : टीव्ही लहान आहे आपला.

हर्षवर्धन : सर, तुमचा फोन वाजतोय. सुरुची मॅडम.

पॉलिन : बघ. नाव काढायचा अवकाश.

निकोलस : नंतर बघू.

पॉलिन : उचल. घाबरतोस कशाला. फक्त तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं काही करू नकोस. माझ्या ओट्यावर तो नको.

निकोलस : नमस्कार ताई. हो, घरीच आहे. नाही, जेवायचंय अजून.

पॉलिन : जेवणाची चौकशी करते.

निकोलस : हो, परवा आहे सत्कार. पॉलिन, त्या विचारतायत, यावेळी पण उभे राहताय ना. निवडून आलो की पुन्हा शेजारचीच जागा मागून घेते म्हणतायत.

पॉलिन : निवडणूक व्हायचीय आणि हिने रुमाल टाकून ठेवला. मला काय सांगतोस? तिला सांग.

निकोलस : ताई. नाही. नाही म्हटलं. उभा राहत नाही यावेळी. तब्येत चांगली आहे. नाही, कोणी दबाव आणला नाही. मीच शब्द दिला होता, गेल्या वर्षीच्या अधिवेशनात. तुम्ही शेजारीच होतात तेव्हा. हसला होतात. हो, तोच. तो घरी होता. आता इथे एक जागा आहे माझी, बरेच दिवस रिकामी पडलीय. बरं. ठेवतो.

हर्षवर्धन : सर.

निकोलस : बोल.

हर्षवर्धन : काही नाही. सर असंच म्हटलं.

पॉलिन : नाही म्हणालास.

निकोलस : म्हणालो.

पॉलिन : ऐकलं. पण तिला नाही म्हणताना आवाज इतका मऊ कशाला? सरकारला म्हणालास तेव्हा अध्यक्षांचा चष्मा हलला होता.

निकोलस : त्या सरकार नाहीत, पॉलिन.

पॉलिन : घेतलीस बाजू.

हर्षवर्धन : आंटी, फिल्मचं काय करू? शेवट बदलायला लागेल. तो होय ठेवू का?

पॉलिन : ठेव. त्याच्यावर बासरी नको. आणि परवा लोकांना हा स्वतः सांगेल, कोणाला म्हणाला ते. हसतील. हसू देत. बावखल बुजवायला नाही म्हणाला होता ते पण कळेल त्यांना.

निकोलस : रस्त्याविरुद्ध मी बाहेरून पण लढू शकतो. अर्ज करीन.

पॉलिन : कर. तुझ्या जागी जो येईल त्याच्या दारात जाऊन उभा राहा सकाळी. चप्पल घालायच्या आधी गाठ त्याला.

हर्षवर्धन : आणि सातचा फुगा? बाबा अजून आतच आहेत.

पॉलिन : इथे पाठव. वाडीत बांधू. वटवाघळं येणार नाहीत.

हर्षवर्धन : बरं, मग मी निघतो. सर, तुम्ही उभेच आहात केव्हापासून.

पॉलिन : नवीन सदस्य आहे. जागा दाखवावी लागते. इकडे, निकोलस. डावीकडे मी, माझा गुडघा बाहेर राहू दे.

निकोलस : बरोबर तेवढंच आहे.

पॉलिन : काय?

निकोलस : माप.

पॉलिन : तिच्या बाजूला पण असाच चिकटून बसायचास?

निकोलस : मध्ये फाइल असायची.

पॉलिन : हं. फाइल. केळफूल काढून ठेवलंय. भाजी करू का दुपारी?

निकोलस : होय.

पॉलिन : मला म्हणालास ना?